नांदूर मधमेश्वर: बंधारा, गाळ आणि पाखरे

नांदूर मधमेश्वर हे निफाड तालुक्याच्या दक्षिण कडेला, गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाच्या खालच्या अंगाला वसलेले गाव. गावाशेजारच्या दगडी बंधाऱ्यामागे साठलेले उथळ पाणी, त्यातली गाळाची बेटे, पाणकणसाची दाटी आणि काठाच्या बाभळी मिळून जो प्रदेश तयार झाला, तो आज महाराष्ट्रातले सर्वांत नावाजलेले पाणपक्ष्यांचे ठिकाण आहे. हिवाळ्यात तिथे मुंबई-पुण्याहून दुर्बिणी आणि लांब नळीचे कॅमेरे घेतलेली माणसे येतात. निसर्ग पाहायला आलेल्या या माणसांसमोर जे असते, ते मात्र दुष्काळाच्या धास्तीने बांधलेल्या एका सरकारी पाटबंधारे कामाचे अनपेक्षित फळ आहे. सरकारी अंदाजपत्रकात त्याची तरतूद नव्हती आणि बांधणाऱ्यांच्या ते मनातही नव्हते.

निफाड तालुका डोंगराळ नाही, पण त्याचे पाणी डोंगराचे आहे. गोदावरी त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरीवर उगम पावते, दारणा इगतपुरीच्या कड्यांतून येते, तर कादवा दिंडोरीकडच्या सह्याद्रीतून उतरते. इगतपुरीला वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तिथून पूर्वेला सरकत गेले की तो झपाट्याने कमी होतो आणि निफाडपर्यंत पोहोचताना पाचशेच्या आसपास उरतो. घाटमाथ्यावर पूर आणि पठारावर आभाळाकडे लागलेले डोळे, असे चित्र एकाच पावसाळ्यात, एकाच जिल्ह्यात दिसते. उत्तरेला चांदवडची डोंगररांग आणि दक्षिणेला सिन्नरचे डोंगर यांच्या मधल्या सपाट, काळ्या जमिनीच्या खोऱ्यातून तिन्ही नद्या जातात. दारणासांगवीला दारणा गोदावरीला मिळते, आणखी खाली कादवा मिळते आणि तिथून एकच मोठे पात्र कोपरगावकडे वळते. पुढची सगळी कथा या रचनेतून निघते.

हे खोरे माणसाच्या आठवणीहून पुष्कळ जुने आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे गाय पिलग्रिम यांनी १९०५ मध्ये गोदावरीच्या गाळात सापडलेल्या प्राचीन हत्तीच्या अवशेषांवर लेख प्रसिद्ध केला. ते अवशेष नांदूर मधमेश्वरच्या परिसरातले होते आणि त्यांची जात नर्मदेच्या गाळात सापडणाऱ्या, आज नष्ट झालेल्या हत्तीची होती. पुढे डेक्कन कॉलेजच्या हसमुख धीरजलाल सांकलिया यांनी नाशिकपासून खाली गोदावरीच्या काठाकाठाने अश्मयुगीन हत्यारे शोधली आणि १९५२ मध्ये त्यांवर प्रबंध लिहिला. नदीने काठावर टाकलेल्या वाळू-गोट्यांच्या आणि पिवळट मातीच्या थरांमुळे हे सारे टिकून राहिले. गाळ साठवणे हा या जागेचा धर्म बंधारा होण्याच्या कितीतरी आधीपासूनचा आहे. बंधाऱ्याने त्या कामाचा वेग तेवढा वाढवला.

ऐतिहासिक काळात संगमाचे महत्त्व धार्मिक होते. रामायणातली पंचवटी नाशिकला, त्यामुळे गोदाकाठच्या जवळपास प्रत्येक गावाला रामकथेतला एखादा प्रसंग वाट्याला आला आहे. नांदूरच्या वाट्याला सुवर्णमृगाच्या पाठलागाची कथा आली. नदीपात्रातल्या महादेवाला मृगव्याधेश्वर म्हणतात, आणि हरिणरूपी मारीच रामाच्या बाणाने इथे पडला असे परंपरा सांगते. वरच्या बाजूला चांदोरी आणि सायखेडा या गावांच्या पात्रात दगडी मंदिरांचा एक समूह आहे. बंधाऱ्याच्या फुगवट्यामुळे तो वर्षानुवर्षे पाण्याखाली असतो. पाणी फार खाली गेले की शिखरे आणि ओवऱ्या उघड्या पडतात, बातमी पसरते आणि दोन-चार आठवडे तिथे बघ्यांची गर्दी होते.

पर्यटन हा शब्द रुळण्याआधी या भागातल्या माणसांना घराबाहेरची करमणूक ठाऊक नव्हती असे मानणे चूक ठरेल. ती जत्रेच्या रूपात होती. ओझरला चंपाषष्ठीला खंडेरावाचे बारागाडे ओढले जातात. नैताळ्याला पौष पौर्णिमेला मतोबाची यात्रा भरते आणि कुस्त्या, तमाशा, भेळ-गोडी शेव यांच्यासह बरेच दिवस चालते. पर्वणीला संगमावर स्नान, मग काठावरच शिदोरी सोडणे, हीही एक प्रकारची सहलच होती. या साऱ्या जत्रा हंगामाशी बांधलेल्या होत्या: खरिपाचे धान्य घरात आलेले, रब्बी पीक उभे, थंडी पडलेली. पुढे पक्षी पाहणाऱ्यांचा मोसमही नेमक्या याच महिन्यांत आला. हा योगायोग वाटला तरी त्यामागे एकच कारण आहे. पावसाळ्यात काळ्या मातीचे रस्ते चालू देत नाहीत आणि उन्हाळ्यात पाणी नसते.

बंधाऱ्याची कथा दुष्काळापासून सुरू होते. १८७६ ते १८७८, मग १८९६-९७ आणि लगेच १८९९-१९००, अशा तीन तडाख्यांनी दख्खनचे पठार खिळखिळे झाले. दुष्काळी कामांवर खर्च करत राहण्यापेक्षा पाण्याची कायम सोय करावी का, हा प्रश्न सरकारला टाळता येईना. १९०१ मध्ये सर कॉलिन स्कॉट-मॉन्क्रिफ यांच्या अध्यक्षतेखाली भारतीय सिंचन आयोग नेमला गेला आणि १९०३ मध्ये त्याचा अहवाल आला. त्याआधी सरकारचा दंडक असा की, पाटबंधाऱ्याने गुंतवलेल्या भांडवलावर पुरेसे व्याज दिले पाहिजे. दख्खनमध्ये तसे घडणे कठीण, कारण इथे नद्या खोल, जमीन चढउताराची आणि पाऊस लहरी. आयोगाने ही अट बाजूला ठेवून दुष्काळनिवारक म्हणून काही कामे करावीत असे सुचवले. त्या विचारातून मुंबई इलाख्यात जी मोठी कामे उभी राहिली, त्यांत गोदावरी कालव्यांचा समावेश होता.

योजना साधी आणि चलाख होती. पाणी साठवायचे घाटाजवळ, जिथे पाऊस भरपूर आहे, आणि वळवायचे पठारावर, जिथे त्याची गरज आहे. साठवणीसाठी इगतपुरी तालुक्यात नांदगाव येथे दारणेवर धरण बांधायचे ठरले. वळवण्यासाठी नांदूर मधमेश्वरला, तिन्ही नद्यांचे पाणी एकत्र आल्यावर, पात्रात आडवा बंधारा घालायचा आणि त्याच्या दोन्ही टोकांना एकेक कालवा काढायचा. मधल्या अंतरात वेगळा कालवा खोदण्याची गरजच नव्हती; दारणेतून सोडलेले पाणी नदीच्याच पात्रातून नांदूरला पोहोचणार होते. बंधाऱ्याचे काम १९०७ मध्ये हाती घेण्यात आले. दारणा धरण १९१६ मध्ये पूर्ण झाले आणि त्याच्या जलाशयाला लेक बील असे नाव मिळाले. हे नाव आता सरकारी कागदांत आणि जुन्या नकाशांत तेवढे सापडते. लोक दारणाच म्हणतात.

नांदूरच्या कामाचे वेगळेपण इथे नीट समजून घ्यायला हवे, कारण पुढे पाखरांचे जे झाले ते त्यावर अवलंबून आहे. दारणा हे साठवणीचे धरण आहे. त्याची क्षमता ७,१४९ दशलक्ष घनफूट. नांदूर मधमेश्वरची सरकारी तक्त्यातली क्षमता केवळ २५७ दशलक्ष घनफूट आहे. पाणी धरून ठेवणे हे या बंधाऱ्याचे काम कधीच नव्हते. नदीची पातळी थोडी उचलून ती दोन्ही कालव्यांच्या तोंडापर्यंत आणणे, इतकेच त्याने करायचे होते. त्यामुळे पाणी खोल न होता पसरले. सपाट खोऱ्यात नदीची पातळी थोडी वाढली तरी ती काठाच्या सखल जमिनीवर दूरवर जाते. गोदावरी आणि कादवा अशा दोन्ही पात्रांत हा फुगवटा मागे चढत गेला.

कालव्यांचा फायदा बहुतेक खालच्या भागाला झाला. डावा आणि उजवा कालवा कोपरगाव, राहाता, श्रीरामपूरकडे गेला. तिथल्या जिरायती जमिनीत ऊस उभा राहिला आणि १९४० च्या आगेमागे साकरवाडी, लक्ष्मीवाडी येथे सोमय्यांच्या गोदावरी शुगर मिल्सचे कारखाने निघाले. पाण्याच्या अतिवापराने काही जमीन चोपणही झाली. दुष्काळात बाजरी-ज्वारी वाचावी म्हणून आखलेल्या कालव्यांवर उसाने कब्जा केला, ही तक्रार तेव्हापासून आजपर्यंत चालू आहे. निफाडच्या शेतकऱ्याला मात्र बंधारा आपल्याच हद्दीत असून पाणी खालच्यांचे, अशी चुटपुट राहिली. त्याची बागायत मुख्यतः विहिरी, नदीवरच्या उपसा योजना आणि पुढे कादवेवरच्या पालखेड धरणाचा कालवा यांवर वाढली. द्राक्षे, कांदा आणि ऊस यांनी तालुक्याचे रूप पालटले ते या पाण्यावर.

इकडे बंधाऱ्यामागे गाळ साठत होता. दर पावसाळ्यात तिन्ही नद्या वरची माती घेऊन येत. बंधाऱ्याशी पाण्याचा वेग मोडला की माती खाली बसे. अभियंत्याच्या दृष्टीने हे नुकसान होते, कारण आधीच तुटपुंजी असलेली साठवण आणखी घटत गेली. पण गाळाचा थर सगळीकडे सारखा बसत नाही. प्रवाहाच्या मुख्य धारेत खोली टिकते, वळणाच्या आतल्या बाजूला गाळाचे उथळ पट्टे तयार होतात, मध्येच उंचवटे वर येतात. काही दशकांत इथे खोल डोह, गुडघाभर पाणी, ओला चिखल, लव्हाळ्याचे पट्टे, बाभळीची बेटे आणि कोरडी गवताळ जागा असे सर्व प्रकार एकमेकांना लागून तयार झाले. कालव्याची आवर्तने सुटली की पातळी उतरते आणि नवा चिखल उघडा पडतो. वरून पाणी आले की तो पुन्हा बुडतो. पाणपक्ष्यांना हवे ते नेमके हेच. बुडी मारणाऱ्या बदकांना खोली लागते, चिखल्या-तुतवार यांना बोटभर पाणी, बगळ्यांना उभे राहून मासा टिपता येईल एवढी उथळ धार आणि क्रौंचाला रात्री पाय बुडवून विसावता येईल असा सुरक्षित थर. मोठ्या, खोल धरणात यांतले फार थोडे मिळते. महाराष्ट्रात भव्य जलाशय पुष्कळ आहेत, पण पाखरांनी निवड केली ती या गाळाने भरलेल्या, साठवणीच्या हिशेबात नापास झालेल्या जागेची.

पक्षी नेमके कधीपासून येऊ लागले याची तारीख देता येणार नाही; पाण्याच्या कडेने ते आधीपासून असणारच. संख्या वाढली ती उथळ पाणथळ आकाराला आल्यावर. हिवाळी पाहुण्यांचा मार्ग मध्य आशियाई उड्डाणमार्ग म्हणून ओळखला जातो. सायबेरिया, मंगोलिया, तिबेट आणि मध्य आशियातली गवताळ मैदाने गोठू लागली की पक्षी दक्षिणेकडे निघतात आणि हिमालय ओलांडून भारतात पसरतात. नांदूरला ऑक्टोबरपासून बदकांचे थवे उतरू लागतात. टोकदार शेपटीचे तलवार बदक, पसरट चोचीचा थापट्या, भुवईवर पांढरी रेघ असलेले भुवई बदक, जोडीने फिरणारा केशरी चक्रवाक हे नेहमीचे. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला पट्टकादंब तिबेट-लडाखच्या बाजूचा. तो थोड्या संख्येने येतो, पण आला की बातमी होते. क्रौंच दिवसा आसपासच्या हरभऱ्या-गव्हाच्या शेतांत चरतात आणि संध्याकाळी पाण्यावर परततात. रोहित पक्षी काही वर्षी दिसतात, काही वर्षी पाठ फिरवतात.

स्थानिक आणि जवळपास हिंडणाऱ्या पक्ष्यांशिवाय ही सभा पुरी होत नाही. जांभळी पाणकोंबडी वेलींच्या गाद्यांवरून चालते, काळ्या अंगाचे आणि पांढऱ्या कपाळाचे वारकरी घोळक्याने तरंगतात, कमळपक्षी लांब बोटांवर भार वाटून पानांवर उभा राहतो. शराटी, चमचे, चित्रबलाक, उघड्या चोचीचे करकोचे, पाणकावळे हे बाभळीच्या झाडांवर विसावतात आणि घरटीही करतात. इतकी शिकार एका जागी असल्यावर शिकारीही येतात: दलदलीवर खालून उडत फिरणारे भोवत्ये, मासे पकडणारी कैकर. आजवर इथे नोंदलेल्या पक्ष्यांच्या जाती सुमारे अडीचशे भरतात.

पक्षीशास्त्राच्या जगात नांदूरचे नाव पोहोचले १९८० च्या दशकात. डॉ. सालिम अली यांनी ही जागा पाहून तिला महाराष्ट्राचे भरतपूर म्हटले असे सांगितले जाते आणि ते बिरुद आता प्रत्येक फलकावर आहे. तुलना कौतुकाची होती, पण ती आणखी एका अर्थाने चपखल आहे. राजस्थानातले भरतपूरचे केवलादेव पाणथळही माणसाचेच काम. अठराव्या शतकात सूरजमल जाटाच्या काळात अजान बांध घातला गेला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथल्या महाराजांनी बंधारे-दारे उभारून बदकांच्या शिकारीसाठी पाणी खेळवले. १२ नोव्हेंबर १९३८ या एका दिवसात व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या शिकारीत तिथे चार हजारांहून अधिक पाखरे मारली गेली. भरतपूर शिकारीच्या हौसेतून झाले, नांदूर उसाच्या पाटातून. पहिल्याला राजाश्रय लाभला, दुसऱ्याला पाटबंधारे खात्याचे दुर्लक्ष. दुर्लक्षाचाही उपयोग झाला, कारण गाळ कोणी काढला नाही.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचा काळ संपवला आणि राज्यांना अभयारण्ये घोषित करण्याचा अधिकार दिला. महाराष्ट्राने १९८६ मध्ये नांदूर मधमेश्वरला अभयारण्याचा दर्जा दिला. त्याच वर्षी खालच्या अंगाला पैठणजवळचे जायकवाडीही पक्षी अभयारण्य झाले. गोदावरीवरची ही दोन्ही अभयारण्ये जलाशयांची आहेत, ही गोष्ट नोंदवण्याजोगी आहे. पठारावरच्या नैसर्गिक डबकी-तळ्यांना असा दर्जा क्वचितच मिळाला.

घोषणा सोपी होती, अंमल अवघड. अभयारण्याचे अधिसूचित क्षेत्र सुमारे १०० चौरस किलोमीटर, पण त्यात पाणी आणि दलदल लहानशी; उरलेली गावे, मळे, द्राक्षबागा, उसाचे फड. चापडगाव, मांजरगाव, खाणगाव थडी, कोठुरे, कुरुडगाव, करंजगाव, शिवरे, काथरगाव, म्हाळसाकोरे अशी गावे त्या रेषेच्या आत किंवा काठावर आली. पाण्याखालची जमीन पाटबंधारे खात्याची, तिच्यावरचे पक्षी वनखात्याचे आणि काठ शेतकऱ्याचा. पाणी उतरल्यावर उघड्या पडणाऱ्या सुपीक जमिनीवर गाळपेर करण्याची जुनी वहिवाट होती. चराईचे हक्क होते, मासेमारी करणारी कुटुंबे होती. क्रौंचांचा थवा हरभऱ्यात उतरला की शेतकऱ्याला तो जागतिक ठेवा वाटत नाही. अशा ठिकाणी संरक्षण टिकवायचे तर ते गावाच्या संमतीनेच टिकते, हे वनखात्याला हळूहळू उमगले. गावांत समित्या झाल्या, तरुणांना पक्षी ओळखण्याचे शिक्षण मिळाले आणि खबऱ्या, पहारेकरी, वाटाड्या अशा तिन्ही भूमिका तेच करू लागले.

आज पाहायला येणाऱ्याची मुख्य वाट चापडगावची. निफाड रेल्वे स्थानक किंवा नाशिक या दोन्हीकडून तिथे पोहोचता येते. नाशिकपासून अंतर सुमारे ४० किलोमीटर. खाणगाव थडीला निसर्ग निर्वचन केंद्र आहे, पाण्याच्या कडेला निरीक्षण मनोरे आहेत आणि दुर्बीण, स्पॉटिंग स्कोप घेऊन सोबत येणारे गावातले मार्गदर्शक आहेत. इथली करमणूक शांत जातीची. नौकाविहार नाही, धबधबा नाही, चढायला गड नाही. पहाटे धुके हटण्याआधी मनोऱ्यावर जाऊन उभे राहायचे, पाण्यावरचे ठिपके एकेक करून ओळखायचे आणि उन्हे चढली की परतायचे. ज्यांना यात रस नाही त्यांना तासाभरात कंटाळा येतो. सुट्टीच्या दिवशी गाड्यांच्या रांगा लावून येणाऱ्या कुटुंबांचा अपेक्षाभंग होतो तो यामुळे, आणि त्यांच्या गोंगाटाने पाखरे आत सरकतात. दरवर्षी जानेवारीत होणारी आशियाई पाणपक्षी गणना हा इथला खरा उत्सव म्हणावा. ती १९८७ मध्ये सुरू झाली, म्हणजे अभयारण्याच्या घोषणेनंतर लगेच.

थंडी हा या मोसमाचा आणखी एक भाग आहे. निफाड हे महाराष्ट्रातल्या सर्वांत थंड ठिकाणांपैकी एक म्हणून दर हिवाळ्यात वर्तमानपत्रांत झळकते. डिसेंबर २०१८ च्या अखेरीस इथला पारा दोन अंशांखाली गेला होता. समुद्रसपाटीपासूनची उंची महाबळेश्वरच्या निम्म्याहून कमी असूनही असे घडते. उत्तरेकडून येणारे कोरडे वारे, निरभ्र रात्री जमिनीतून निघून जाणारी उष्णता आणि डोंगरांच्या मधल्या सखल खोऱ्यात साचणारी जड, गार हवा ही त्याची कारणे. नोंद होते ती कुंदेवाडीच्या कृषी संशोधन केंद्रात. हे केंद्र राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे असून गव्हासाठी ओळखले जाते; त्र्यंबक, तपोवन, गोदावरी, नेत्रावती हे वाण इथलेच. गव्हाला थंडी मानवते, म्हणून गव्हाचे संशोधन निफाडला. द्राक्षबागायतदाराला मात्र पारा चार अंशांखाली गेला की मणी तडकण्याची चिंता लागते आणि तो रात्री बागेत शेकोट्या पेटवून धूर करतो. पक्षी पाहणाऱ्याला जी पहाट हवीहवीशी, ती बागायतदाराला नकोशी असते.

आंतरराष्ट्रीय मान्यतेला बराच वेळ लागला. पाणथळ जागांच्या रक्षणाचा करार २ फेब्रुवारी १९७१ रोजी इराणमधल्या रामसर या गावी झाला. केवलादेव आणि ओडिशातले चिलिका ही भारतातली पहिली नावे १९८१ ची. महाराष्ट्र मात्र त्या यादीत जवळपास चार दशके नव्हता. नांदूर मधमेश्वरची नोंद २१ जून २०१९ या तारखेने झाली आणि जानेवारी २०२० मध्ये पंजाब व उत्तर प्रदेशातल्या नऊ जागांबरोबर ती जाहीर झाली. राज्यातले हे पहिले रामसर स्थळ; २०२० मध्येच लोणार आणि २०२२ मध्ये ठाणे खाडी त्याच्या मागोमाग आली. रामसर क्षेत्र १,४३७ हेक्टर, म्हणजे अभयारण्याच्या सातव्या हिश्श्याइतके. खरे पाणथळ किती, याचे हे जास्त प्रामाणिक मोजमाप आहे.

रामसरच्या नोंदीत ५३६ जीवजातींचा उल्लेख आहे. त्यांत गिधाडांच्या दोन जाती आहेत, चंदनाचे झाड आहे आणि एक बोटभर मासाही आहे: १९३८ मध्ये सुंदरलाल होरा आणि मिश्रा यांनी देवळालीच्या नमुन्यांवरून वर्णन केलेला, अस्तित्व धोक्यात आलेला. पक्ष्यांच्या गर्दीत या माशाकडे कोणाचे लक्ष जात नाही. देवळाली दारणेच्या काठी आहे. दारणेचे पाणी नांदूरला येते, ही सांगड बसली की नोंदीचा अर्थ लागतो. बिबट्याचेही नाव त्या यादीत आहे. गोदाकाठच्या उसाने बिबट्याला बारमाही आडोसा दिला आणि आज निफाड-सिन्नर भागात त्याची माणसाशी गाठ पडणे नेहमीचे झाले आहे. तो पर्यटकांना हवासा आणि ऊसतोड मजुरांना जिवावरचा.

सध्याचे प्रश्न पाण्याच्या दोन टोकांचे आहेत. एक टोक पुराचे. १९६९, २००८, २०१६, २०१९ या वर्षांत गोदावरीला मोठे पूर आले आणि चांदोरी-सायखेड्याच्या बाजारपेठांत पाणी शिरले. बंधाऱ्याचा फुगवटा आणि साठलेला गाळ यांमुळे पूर लवकर ओसरत नाही, अशी या गावांची जुनी तक्रार आहे. गाळ काढा, दरवाजे वाढवा, ही त्यांची मागणी. नाशिक शहराच्या सांडपाण्यावर पोसलेल्या पाणवेली नदीने वाहत येऊन सायखेड्याच्या पुलाला तटतात, तेव्हा पुलालाच धरणाचे रूप येते. त्याच पाणवेली पुढे अभयारण्यात पसरून पाण्याचा पृष्ठभाग झाकतात. जांभळी पाणकोंबडी त्यांवर सुखाने नांदते, पण खुल्या पाण्यावर उतरणाऱ्या बदकांची जागा कमी होते आणि खालचे मासे गुदमरतात.

दुसरे टोक टंचाईचे. नांदूर मधमेश्वरचा विसर्ग पावसाळ्यात रोज वर्तमानपत्रांत छापला जातो, कारण तो जायकवाडीकडे गेलेल्या पाण्याचा हिशेब असतो. २००५ च्या जलसंपत्ती नियमन कायद्यातले समन्यायी वाटपाचे तत्त्व आणि त्यावर २०१४ मध्ये जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाने दिलेला आदेश यांनी नाशिक-नगर विरुद्ध मराठवाडा या वादाला आकडे दिले: जायकवाडीत १५ ऑक्टोबरला ६५ टक्के साठा नसेल तर वरच्या धरणांतून पाणी सोडायचे. त्यांतले नाशिकच्या धरणांचे पाणी नांदूरच्या दरवाजांतूनच पुढे जाते. जुन्या दोन कालव्यांच्या जोडीला वैजापूर आणि गंगापूर तालुक्यांसाठीचा जलद कालवाही याच बंधाऱ्यातून निघतो. तिन्ही कालव्यांची आवर्तने आणि जायकवाडीचा विसर्ग यांच्या वेळापत्रकावर बंधाऱ्यामागची पातळी ठरते. पक्ष्यांच्या मोसमाचा त्यात विचार होतोच असे नाही. ऐन डिसेंबरात पाणी उतरवले की बदके उठून जातात, चिखलात चरणाऱ्या पाखरांची मात्र चंगळ होते. फार दिवस भरलेले ठेवले तर उलट. वनखाते किमान पातळी राखण्याची विनंती करते, जलसंपदा खाते कालव्याच्या मागणीकडे बोट दाखवते.

गाळ काढण्याच्या मागणीत हाच पेच आणखी तीव्र होतो. पूरग्रस्त गावांचे म्हणणे रास्त आहे. पण सरसकट गाळ उपसला तर पाणथळाची सारी रचना, उंचवटे, उथळ चर आणि बेटे नाहीशी होतील आणि मागे उरेल एक लहानसा खोल साठा, ज्याची क्षमता दारणेच्या तुलनेत नगण्यच राहील. मुख्य धारेपुरता गाळ काढणे, पाणवेली नाशिकच्या बाजूलाच अडवणे आणि सांडपाणी नदीत पडण्याआधी शुद्ध करणे हे मार्ग अभ्यासकांनी आणि गावकऱ्यांनी अनेकदा मांडले आहेत. त्यांतला शेवटचा मार्ग पूर्णपणे नाशिक शहराच्या हाती आहे, बंधाऱ्यापासून ४० किलोमीटर वर.